जीआय बिलाचे ३६ महिने टेक करिअरसाठी कसे वापरावेत?

नवा_टप्पा (प्रश्न)

यूएस आर्मीतली माझी ४ वर्षांची ॲक्टिव्ह ड्यूटी पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर संपते. एमओएस (लष्करातलं काम) २५ ब्राव्हो, म्हणजे आयटी. सायबर सुरक्षेचं सिक्युरिटी प्लस सर्टिफिकेशन झालंय, कॉलेजचे क्रेडिट शून्य. घरी बायको आणि एक मूल. बाहेर पडल्यावर बराच काळ घर घरभत्त्यावर चालवावं लागेल. पोस्ट-९/११ जीआय बिल (लष्करी सेवेच्या बदल्यात मिळणारी शिक्षणाची सरकारी सोय) १०० टक्के मिळेल असं एज्युकेशन सेंटरमध्ये सांगितलं.

तीन पर्याय समोर आहेत. १६ आठवड्यांचा ऑनलाइन सायबर बूटकॅम्प, ज्याच्या जाहिरातीत 'जीआय बिल चालतं' असं ठळक लिहिलंय. दुसरा, नोकरी करत पूर्ण ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सची पदवी. तिसरा, सरकारी विद्यापीठात कॅम्पसवर जाऊन बीएस.

बिलाचा जास्तीत जास्त उपयोग कशात आहे? भरती झाल्यावर माँटगोमेरी या जुन्या जीआय बिलासाठी १२०० डॉलर कापले होते, ते परत मिळतात का? गुडघ्याचा आणि कानाचा डिसॅबिलिटी क्लेम टाकणार आहे, त्याचा शिक्षणाशी काही संबंध येतो का? आणि अजून वर्षभर वर्दी अंगावर आहे, तर तेवढ्यात काय उरकून घ्यावं?

———

महिने_मोजा

ते '१०० टक्के' आधी स्वतः तपासा. ३६ महिने ॲक्टिव्ह ड्यूटी झाली की १००, ३० महिन्यांना ९०, २४ ला ८०, १८ ला ७० टक्के असा हिशेब असतो, पण सगळीच सेवा त्यात धरली जात नाही. भरतीच्या करारात कॉलेज लोन रिपेमेंट (आर्मीने शिक्षणकर्ज फेडणं) घेतलं असेल तर त्यापोटीची ३ वर्षं बाद होतात आणि ४ वर्षांच्या करारात मोजायला एकच वर्ष उरतं. आरओटीसी (कॉलेजातलं लष्करी अधिकारी-प्रशिक्षण) शिष्यवृत्तीवर किंवा लष्करी ॲकॅडमीतून आलेल्या अधिकाऱ्यांची बंधनाची वर्षंही अशीच वगळतात. शिवाय डिस्चार्ज 'ऑनरेबल'च हवा. 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स'वर व्हीएच्या (माजी सैनिकांचं सरकारी खातं) इतर बऱ्याच सोयी मिळतात, जीआय बिल मिळत नाही. मुदतीची चिंता मात्र नको: १ जानेवारी २०१३ नंतर सुटलेल्यांना ती नाहीच.

आता मूळ मुद्दा. जीआय बिल म्हणजे ठरावीक रकमेचा निधी, अशी बहुतेकांची समजूत असते. व्हीए तुमच्या नावावर पैसे ठेवत नाही, महिने ठेवतं. पूर्णवेळ शिकलात की महिन्याला महिना वजा, मग त्या महिन्याची ट्यूशन ३०० डॉलर असो वा ३०००. त्यामुळे 'हा कोर्स स्वस्त आहे, बिल वाचेल' हा विचारच उलटा. स्वस्त कोर्सवर घालवलेला महिना हाच सर्वात महाग. कॉलेजचं वर्ष साधारण ९ महिन्यांचं, म्हणजे ३६ महिन्यांत ४ वर्षांची पदवी बरोबर बसते, पण तसूभरही जास्त नाही. एक सेमिस्टर वाया गेलं की साडेचार महिने गेले.

त्या प्रत्येक महिन्यात काय पदरात पडतं ते पाहा. सरकारी विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्याची पूर्ण ट्यूशन आणि बंधनकारक फी व्हीए थेट कॉलेजला देतं, त्याला डॉलरची मर्यादा नाही. दुसऱ्या राज्यात गेलात तरी सरकारी कॉलेजला तुमच्याकडून स्थानिक दरच घ्यावा लागतो. त्यासाठी पूर्वी डिस्चार्जनंतर ३ वर्षांत प्रवेश घ्यावा लागे, ती अट २०२१ पासून नाही. खाजगी संस्थेला मात्र वर्षाची कमाल मर्यादा आहे: २०२४-२५ ला २८,९३७.०९ डॉलर, २०२५-२६ ला २९,९२०.९५ डॉलर. त्यापुढच्या फीसाठी यलो रिबन योजना, ज्यात कॉलेज जितकी रक्कम सोडतं तितकीच व्हीए घालतं. ती फक्त १०० टक्केवाल्यांना. कॉलेजच्या वेबसाइटवर 'यलो रिबन आहे' एवढं वाचून थांबू नका. रक्कम आणि जागा प्रत्येक विभागाच्या वेगळ्या असू शकतात, म्हणून कॉम्प्युटर सायन्सला किती ते स्पष्ट विचारा.

पुस्तकांना क्रेडिटमागे ४१.६७ डॉलर, वर्षाला कमाल १,०००.

घरभत्ता हा तुमच्या दृष्टीने कळीचा भाग. तो ई-५ (सार्जंट) विथ डिपेंडंट्सच्या बीएएचच्या, म्हणजे लष्करी घरभत्त्याच्या, दराने मिळतो. तुमची रँक काय होती किंवा घरी किती माणसं आहेत याचा संबंध नाही. झिप कोड धरतात तो तुम्ही जिथे प्रत्यक्ष वर्गात बसता त्या कॅम्पसचा, राहत्या घराचा नव्हे. पूर्ण ऑनलाइन शिकलात तर देशाच्या सरासरीच्या निम्माच, म्हणजे महिना अकराशे-बाराशे डॉलर. महागड्या शहरातल्या कॅम्पसवर याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो, आणि वजा होणारे महिने दोन्हीकडे सारखेच. म्हणून कुटुंब असलेल्याला पर्याय दोन बहुतेक वेळा सर्वात कमी देतो. पूर्ण पगाराची नोकरी हातात असेल आणि कॅम्पस आवाक्यात नसेल, तरच तो योग्य.

मधला मार्गही आहे. एक वर्ग जरी प्रत्यक्ष कॅम्पसवर असला आणि बाकीचे ऑनलाइन असले, तरी भत्ता कॅम्पसच्या दराने मिळतो. फक्त तो वर्ग पदवीला लागणारा हवा आणि सेमिस्टरभर चालणारा हवा. पहिल्या आठ आठवड्यांत संपणारा घेतलात, तर उरलेले आठ आठवडे तुम्ही ऑनलाइन दरावर घसरता. 'हायब्रिड' वर्गाबद्दल तर लेखी विचारून घ्या, कारण काही हायब्रिड वर्ग व्हीएकडे ऑनलाइन म्हणूनच नोंदवले जातात.

भत्त्यासाठी अभ्यासाचा भार निम्म्याहून जास्त लागतो. निम्मा नव्हे, निम्म्याहून जास्त. १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ असेल तर ६ क्रेडिटला भत्ता शून्य. ७ क्रेडिटला ५८ टक्के होतात, ते जवळच्या दहाच्या पटीत धरून ६० टक्के भत्ता मिळतो. नोकरी करत 'दोनच विषय घेतो' म्हणणारे इथेच फसतात.

१२०० डॉलर: माँटगोमेरी सोडून पोस्ट-९/११ घेतलंत आणि त्याचे महिने पूर्ण संपवलेत, तर शेवटच्या घरभत्त्याबरोबर वापराच्या प्रमाणात परत येतात. चार महिने शिल्लक ठेवून थांबलात तर येत नाहीत. आणखी एक: ज्यांच्या सेवेचे दोन वेगळे पात्र कालखंड आहेत त्यांना दोन्ही बिलं मिळून ४८ महिन्यांपर्यंत वापरता येतात. सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०२४ मधल्या रुडिसिल निकालाने ते स्पष्ट झालं. तुमचा एकच करार दिसतो, तेव्हा तुम्हाला लागू होतं का ते व्हीएला विचारा.

———

क्रम_महत्त्वाचा

वरच्या उत्तरात क्लेमचा भाग राहिला, आणि पैशाच्या दृष्टीने तो सर्वात मोठा ठरू शकतो.

सेवेमुळे झालेल्या दुखापतीला व्हीएकडून किमान १० टक्के रेटिंग मिळालं की चॅप्टर ३१, म्हणजे व्हीआर अँड ई (दुखापत झालेल्यांना शिकवून नोकरीला लावणारी योजना), साठी अर्ज करता येतो. फॉर्म २८-१९००. २० टक्के आणि दुखापतीचा नोकरीत अडथळा होत असेल तर पात्रता बसते. १० टक्केच असेल तर तो अडथळा गंभीर असल्याचं काउन्सेलरला पटावं लागतं. मंजूर झालं की ट्यूशन, फी, पुस्तकं, लागणारी साधनं, अगदी लॅपटॉपही त्यातून येतो. खाजगी कॉलेजसाठी जीआय बिलासारखी वार्षिक मर्यादा इथे नाही.

आता क्रम. चॅप्टर ३१ आधी वापरलंत तर त्याने जीआय बिलाचे महिने कमी होत नाहीत. २०२१ पासून व्हीए असंच मोजतं. उलट गेलात, म्हणजे आधी जीआय बिलाचे ३६ महिने संपवलेत, तर ४८ महिन्यांच्या एकूण मर्यादेत ३१ खाली साधारण १२ च उरतात. म्हणून रेटिंगची शक्यता असेल तर पदवी ३१ वर आणि मास्टर्स जीआय बिलावर, हा क्रम सर्वात फायद्याचा.

यात एक बारीक मेख आहे. ३१ चा स्वतःचा निर्वाहभत्ता बराच कमी असतो. पण जीआय बिलाची एक दिवसाची जरी पात्रता शिल्लक असेल, तर तुम्ही त्याऐवजी पोस्ट-९/११ च्या दराचा भत्ता निवडू शकता. ही निवड स्वतः मागावी लागते, आपोआप होत नाही. काउन्सेलरशी पहिल्या भेटीतच ती नोंदवा.

अडचण कुठे येते? ३१ ही शिष्यवृत्ती नाही, नोकरीला लावण्याची योजना आहे. 'मला कॉम्प्युटर सायन्स आवडतं' एवढ्याने चालत नाही. तुमच्याकडे आधीच आयटीचा अनुभव आणि सिक्युरिटी प्लस आहे, त्यामुळे काउन्सेलर म्हणू शकतो की तुम्ही आताच नोकरीयोग्य आहात. त्यावर कागदोपत्री तयारी हवी. सध्याच्या कौशल्यावर मिळणारी कामं केबल ओढणं, रॅक उचलणं, तासन्‌तास उभं राहणं अशी आहेत का, गुडघ्याने ते कुठवर झेपेल, ज्या पदांवर बसून काम आहे तिथे पदवी मागतात का? त्या भागातल्या आठ-दहा नोकरीच्या जाहिराती छापून न्या. लक्ष्य नेमकं लिहा: 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' किंवा 'इन्फर्मेशन सिक्युरिटी ॲनालिस्ट'. नुसतं 'आयटी' नको.

क्लेम बीडीडीतून (सुटण्याआधीच क्लेम घेणारी व्हीएची सोय) टाका, म्हणजे सुटण्याच्या १८० ते ९० दिवस आधी. सप्टेंबरअखेर सुटणार असाल तर साधारण एप्रिल ते जूनअखेर. अर्जानंतर ४५ दिवस वैद्यकीय तपासण्यांसाठी हजर असावं लागतं, तेव्हा त्याच काळात दूरच्या शहरात स्किलब्रिज (सुटण्याआधी कंपनीत काम करण्याची सोय) घेतलंत तर दोन्हींची टक्कर होईल.

———

काळा_टर्मिनल

बूटकॅम्पबद्दल. 'जीआय बिल चालतं' हे वाक्य जाहिरातीत असतं, मंजुरी असते ती विशिष्ट कोर्सला, विशिष्ट पत्त्यावर. व्हीएच्या जीआय बिल कंपॅरिझन टूलवर संस्थेचं नाव टाका आणि नेमका तोच कोर्स तिथे दिसतो का ते पाहा. बऱ्याचदा मंजूर असतो तो वर्गात बसून करायचा कोर्स, आणि विकला जातो ऑनलाइन. अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स जीआय बिलात बसतच नाहीत, हा कायद्याचाच भाग आहे. दुसरं, नव्या संस्थेने कोर्स साधारण दोन वर्षं चालवून दाखवल्याशिवाय राज्याची मंजुरी मिळत नाही. त्यामुळे कालपरवा निघालेला 'एआय सिक्युरिटी बूटकॅम्प' यादीत नसेल तर आश्चर्य नको.

ही अडचण ओळखूनच व्हेट टेक नावाची वेगळी प्रायोगिक योजना २०१९ मध्ये सुरू झाली होती. तिच्यात मूळ बिलाचे महिने वजा होत नव्हते, आणि संस्थेला निम्मे पैसे विद्यार्थी नोकरीला लागल्यावरच मिळत. १ एप्रिल २०२४ ला तिचे नवे प्रवेश थांबले. जानेवारी २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यात ती पुन्हा आणण्याची तरतूद आहे. व्हीएच्या पानावर अर्ज घेणं सुरू दिसलं तर जरूर भरा, पण पुढच्या वर्षाचा संसार तिच्या भरवशावर मांडू नका.

बूटकॅम्पला माझा सरसकट विरोध नाही. हातात पदवी आहे, चार महिन्यांत क्षेत्र बदलायचंय, अशा माणसाला तो उपयोगी पडतो. तुमच्याकडे शून्य क्रेडिट आहेत आणि बूटकॅम्पचे क्रेडिट पुढे कुठल्याच कॉलेजात सहसा चालत नाहीत. वर, एंट्री लेव्हलच्या सायबर कोर्समध्ये जे शिकवतात त्यातलं निम्मं २५ ब्राव्होला आधीच येत असतं.

तेच शिक्षण बिलाला हात न लावता मिळवण्याचे मार्ग वेगळे आहेत. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या आयव्हीएमएफ या माजी सैनिकांसाठीच्या संस्थेची 'ऑनवर्ड टू अपॉर्च्युनिटी' योजना मोफत आहे आणि एका सर्टिफिकेशनची तयारी व परीक्षेची फी देते. सुटायला सहा महिने उरले की अर्ज करता येतो. मायक्रोसॉफ्टची एमएसएसए ही १७ आठवड्यांची पूर्णवेळ ॲकॅडमी, तिलाही फी नाही. स्किलब्रिजमध्ये सेवेच्या शेवटच्या काही महिन्यांत आर्मीच्या पगारावर कंपनीत काम करता येतं. पण ती सवलत आहे, हक्क नाही. कमांडरची सही लागते, आणि युनिट किती दिवस सोडेल ते आधीच विचारा.

सर्टिफिकेशन परीक्षांची फी जीआय बिलातून मागता येते, एका परीक्षेला २,००० डॉलरपर्यंत, नापास झालात तरी. फॉर्म २२-०८०३. बदल्यात फीच्या प्रमाणात महिने वजा होतात. सीसीएनए (नेटवर्किंग) ३०० डॉलर, एडब्ल्यूएसची (क्लाउड) असोसिएट १५०. एवढ्यासाठी महिन्यांना हात लावू नका. वर्दीत असताना आर्मीच्या क्रेडेन्शियलिंग असिस्टन्स या परीक्षेची फी देणाऱ्या योजनेतून करा, नाहीतर खिशातून. महाग प्रशिक्षणाचं गणित वेगळं. सॅन्स या सायबर-प्रशिक्षण संस्थेचा एकेक कोर्स हजारो डॉलरचा असतो, आणि त्यांचं अधिस्वीकृत कॉलेज जीआय बिल घेतं. तिथलं १२ क्रेडिटचं अंडरग्रॅज्युएट सर्टिफिकेट चार कोर्सचं असतं, प्रत्येकाबरोबर जीआयएसी सर्टिफिकेशनची परीक्षा. अशा ठिकाणी महिना वसूल होतो. तुमचं सिक्युरिटी प्लस ३ वर्षांनी संपतं, ५० सीईयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) जमवायला विसरू नका. कॉलेजचे काही विषय त्यात धरता येतात.

———

खिडकी_क्र_४

कॉलेजच्या बाजूने काय अडतं, तेवढंच लिहितो.

तुमची नोंदणी व्हीएला कळवतो तो कॉलेजचा स्कूल सर्टिफाइंग ऑफिशियल, एससीओ. व्हीएकडून सीओई (पात्रतेचं पत्र) आलं म्हणजे सगळं झालं असं समजून लोक स्वस्थ बसतात. दर सेमिस्टरला विषय नोंदवल्यावर एससीओकडे सर्टिफिकेशनची मागणी स्वतः करावी लागते. ती राहिली की ट्यूशनही नाही आणि भत्ताही नाही.

एससीओ फक्त पदवीला लागणारे विषय कळवू शकतो. 'पायथन शिकायचंय म्हणून जास्तीचा विषय घेतला' तर त्याचे क्रेडिट भारात धरले जात नाहीत आणि तुम्ही नकळत पूर्णवेळच्या खाली येता. एकदा पास झालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा घेतलात तरी तसंच. फक्त शेवटच्या सेमिस्टरमध्ये भार भरून काढायला जादा विषय घेता येतो. मेजर बदललं तर त्याच दिवशी कळवा.

गणिताचा मागे पडलेला भाग भरून काढणारे रेमेडियल वर्ग व्हीए फक्त प्रत्यक्ष वर्गात असतील तरच देतं, ऑनलाइन नाही.

विषय सोडणं हे कर्ज होण्याचं सर्वात मोठं कारण. ड्रॉपची मुदत गेल्यावर विषय सोडला आणि 'डब्ल्यू' (विषय सोडल्याचा शेरा) पडला, तर व्हीए त्या विषयाचे पैसे पहिल्या दिवसापासून परत मागू शकतं. आजारपण, नोकरीतली बदली अशी कारणं कागदांसह दिली तर सूट मिळते, आणि आयुष्यात एकदा ६ क्रेडिटपर्यंत कारण न देताही सोडतात. गंमत अशी की शेवटपर्यंत वर्गात बसून 'एफ' घेतला तर कर्ज होत नाही, कारण तो ग्रेड जीपीएत धरला जातो. म्हणून डेटा स्ट्रक्चर्स डोक्यावरून चाललंय असं वाटलं तर पहिल्या आठवड्यात निर्णय घ्या, दहाव्यात नको.

भत्ता महिना संपल्यावर येतो आणि सुट्टीचे दिवस कापून येतो. डिसेंबर-जानेवारीतल्या मोठ्या सुट्टीत, ऑगस्टच्या अर्ध्या महिन्यात रक्कम निम्म्यावर येते. नवीन विद्यार्थ्याची पहिली रक्कम तर आणखी उशिरा. दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा बाजूला ठेवूनच प्रवेश घ्या.

———

नवा_टप्पा

सगळ्यांचे आभार. म्हणजे कॅम्पसवरचं बीएस, आधी ३१ चा प्रयत्न. दोन शंका. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली तर बिल वाचेल का? आणि सीक्रेट क्लिअरन्स (गोपनीय कामाची सरकारी परवानगी) आहे, चार वर्षं शिकत बसलो तर ते हातचं जाईल ना?

———

महिने_मोजा

कम्युनिटी कॉलेजने तुमचे पैसे वाचत नाहीत, कारण फी तशीही तुम्ही भरत नाही. एका सेमिस्टरचे साडेचार महिने दोन्हीकडे वजा. शहर तेच असेल तर भत्ताही जवळपास तोच. ग्रेड सुधारून चांगल्या विद्यापीठात जायचं असेल किंवा विद्यापीठाने थेट प्रवेश नाकारला असेल, तरच ते उपयोगी. त्यातही राज्याचा ट्रान्स्फर करार आहे का ते बघा, नाहीतर १५ क्रेडिट वाऱ्यावर.

महिने खरे वाचतात ते आत्ता, वर्दीत असताना. आर्मीचं ट्यूशन असिस्टन्स क्रेडिटमागे २५० डॉलर देतं, वर्षाला कमाल ४,५००, आणि त्याने जीआय बिलाचा एकही दिवस जात नाही. आर्मी इग्नाइटेड या पोर्टलवरून अर्ज करा. इंग्लिश कंपोझिशन, इतिहास, मानसशास्त्र असले सर्वसाधारण विषय क्लेप (वर्गात न बसता क्रेडिट देणाऱ्या) परीक्षेने उडवा. सेवेतल्यांना पहिला प्रयत्न मोफत असतो. जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट (लष्करी प्रशिक्षणाची नोंद) नक्की पाठवा, पण त्याकडून फार अपेक्षा नको. लष्करी प्रशिक्षणाचे क्रेडिट बहुतेक ठिकाणी ऐच्छिक विषयांतच जातात, मेजरमध्ये क्वचित.

सर्वात आधी गणित. कॉम्प्युटर सायन्सची साखळी प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस एक, कॅल्क्युलस दोन, डिस्क्रीट, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम अशी एकापुढे एक बांधलेली असते. प्लेसमेंट परीक्षेत कॉलेज अल्जेब्रात अडकलात तर पुढचं सगळं एक-दोन सेमिस्टरने सरकतं, आणि ३६ महिन्यांच्या चौकटीत तेवढी जागा नाही. या वर्षात ट्यूशन असिस्टन्सवर प्रीकॅल्क्युलस आणि जमलं तर कॅल्क्युलस एक उरका. सुटण्याआधी ३० क्रेडिट झाले तर जवळपास ९ महिने मास्टर्ससाठी उरतात.

तरीही शेवटी महिने कमी पडले तर एडिथ नोर्स रॉजर्स स्टेम स्कॉलरशिप आहे: ९ महिन्यांपर्यंत किंवा ३०,००० डॉलरपर्यंत. पदवी किमान १२० क्रेडिटची हवी, ६० झालेले हवेत, आणि बिल ६ महिने किंवा त्याहून कमी उरलेलं हवं. फॉर्म २२-१०२०३. मिळेलच अशी खात्री धरू नका.

फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्जही भरा. पेल ग्रँट हे सरकारी अनुदान (२०२५-२६ ला कमाल ७,३९५ डॉलर) जीआय बिलाच्या वर मिळतं आणि जीआय बिल तिथे उत्पन्न म्हणून धरत नाहीत. एक मूल, एक कमावता, तेही नोकरी सुटलेला, अशा घराला ते मिळण्याची चांगली शक्यता असते. दोन वर्षांपूर्वीच्या पगारामुळे आकडा कमी आला तर कॉलेजच्या फायनान्शियल एड कार्यालयाकडे उत्पन्न घटल्याचं कारण देऊन फेरविचार मागा.

———

काळा_टर्मिनल

क्लिअरन्सची शंका रास्त आहे. सुटल्यावर साधारण २४ महिन्यांच्या आत क्लिअरन्स लागणारी नोकरी धरली तर नव्या चौकशीशिवाय ते पुन्हा चालू करता येतं. पुढे सगळं पहिल्यापासून. शिकत असताना ते जिवंत ठेवण्याचे दोन मार्ग. एक, नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह या अर्धवेळ लष्करी सेवेत महिन्यातून एक वीकेंड, तिथलं पद क्लिअरन्स मागणारं असेल तर. अनेक राज्यांत गार्डला वेगळं ट्यूशनही मिळतं. दुसरा, डिफेन्स कंत्राटदाराकडे उन्हाळी इंटर्नशिप किंवा पार्टटाइम काम. क्लिअरन्सवाला इंटर्न कंपन्यांना सहज मिळत नाही, तेव्हा अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा.

पदवी निवडताना फेडरल नोकरीचं दारही लक्षात घ्या. २२१० मालिकेतल्या आयटी पदांना अनुभवावर जाता येतं, पदवीची सक्ती नाही. १५५० म्हणजे कॉम्प्युटर सायंटिस्ट पदांना मात्र गणित, सांख्यिकी आणि कॉम्प्युटर सायन्स मिळून ३० क्रेडिट लागतात, त्यातले १५ गणित-सांख्यिकीचे, कॅल्क्युलससह. 'सायबर सिक्युरिटी मॅनेजमेंट' छापाच्या बऱ्याच पदव्यांत कॅल्क्युलसच नसतं. चार वर्षांनी हे कळण्यापेक्षा अभ्यासक्रमाची यादी आज उघडून पाहा.

———

खिडकी_क्र_४

तारखांचं एक राहिलं. ऑगस्टचं सेमिस्टर तुमच्या डिस्चार्जच्या आधी सुरू होतं. टर्मिनल लीव्हवर (सुटण्याआधीच्या शेवटच्या रजेवर) असताना ट्यूशन आणि पुस्तकांचे पैसे मिळतात, व्हीएचा घरभत्ता मिळत नाही. पण तेव्हा आर्मीचा बीएएच चालूच असतो, त्यामुळे नुकसान नाही. सर्टिफिकेशनच्या वेळी एससीओला सुटण्याची तारीख सांगा, आणि डीडी-२१४ (डिस्चार्जचा दाखला) हातात आलं की लगेच व्हीएकडे पाठवा, नाहीतर ऑक्टोबरमध्येही तुम्ही त्यांच्या नोंदीत ॲक्टिव्हच राहाल. ३१ चा निकाल ऑगस्टपर्यंत लागला नसेल तर जानेवारीचा प्रवेश धरणं बरं. तोवर जीआय बिलावर एक सेमिस्टर सुरू केलंत, तर ते साडेचार महिने ४८ च्या मर्यादेत मोजले जातील.

आणि अर्जात फोन नंबर स्वतःचा, टिकणारा द्या. दर महिन्याअखेर व्हीएचा मेसेज येतो, 'नोंदणी तशीच आहे का', त्याला उत्तर द्यायचं असतं. सलग दोन महिने उत्तर गेलं नाही की घरभत्ता थांबतो.